कॅमेरा कुठं ठेवायचा?



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या बचत गटाच्या खोलीत सहा मुली संगणकावर ॲनिमेशन शिकल्या. ॲनिमेशन म्हणजे हलती चित्रं. त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आज बोलणार आहे, ती म्हणजे कॅमेरा. तुम्ही म्हणाल, ताई, गटाच्या कार्यक्रमात हे कुठून आलं? थोडं ऐका, बोलणं आपल्या रस्त्यापाशीच येणार आहे.

आमच्या वस्तीवरून एसटीच्या थांब्याकडे जाताना एक वळण आहे. दोन्ही बाजूंना झाडी आणि दिवा नाही. कामावरून परतणाऱ्या बाया आणि क्लासच्या मुली अंधार पडला की एकमेकींसाठी थांबून राहतात. दिव्यासाठी आम्ही दोनदा अर्ज दिला. उत्तर एकच, रस्ता तर चांगला आहे. तेव्हा मुली म्हणाल्या, "ताई, आपण त्यांना दाखवूच या."

मुली शिकत होत्या तो प्रोग्रॅम म्हणजे 'ॲलिस'. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा आहे आणि फुकट मिळतो. एकदा उतरवून घेतला की रोज इंटरनेट लागत नाही. नव्यानं शिकणाऱ्यांसाठीच केलेला असल्यानं त्यात आज्ञा टाइप करत बसावं लागत नाही. माऊसनं ओढून एकाखाली एक लावायच्या. शब्द इंग्रजी आहेत, पण नेहमी लागणारे दहा-बाराच.

मुलींनी घरं मांडली, झाडं लावली, रस्ता केला, बाई चालवली. उजेड कमी करून संध्याकाळही केली. ग्रामसभेच्या आधी आपली महिलांची सभा असते, तिथं दाखवलं. एक मावशी म्हणाल्या, "गं, छान केलंय. पण यात भीती कुठं आहे? माडीवर बसून बघितल्यासारखं दिसतंय."

मावशींनी नेमकं बोट ठेवलं होतं. सगळं गाव एकदम दिसावं म्हणून मुलींनी कॅमेरा उंच नेला होता. तिथून बाई मुंगीएवढी दिसत होती, आणि वळणापलीकडचंही सगळं दिसत होतं. मग भीती कशी वाटणार?

मग आम्ही कॅमेरा शिकायला बसलो. ॲलिसमध्ये कॅमेरा ही बाई किंवा झाडासारखीच एक वस्तू असते. तिलाही आज्ञा देता येते. 'मूव्ह' म्हटलं की तो सरकतो, पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. अंतर मीटरमध्ये सांगायचं. 'टर्न' म्हटलं की जागच्या जागी वळतो. पाव गिरकी हवी तर ०.२५ लिहायचं.

इथं पहिली चूक होते. कॅमेऱ्याचं 'पुढं' म्हणजे तो बघतोय तिकडं. तो खाली बघत असेल आणि तुम्ही पुढं जा म्हणालात, तर तो जमिनीत शिरतो. आमचा शिरला. मुली घाबरल्या, की आता सगळं काम गेलं. काही जात नाही. केलेलं मागं घेता येतं.

म्हणून अंदाजानं ढकलत बसण्यापेक्षा खुणा करून ठेवाव्यात. ॲलिसमध्ये त्याला 'कॅमेरा मार्कर' म्हणतात. दृश्य मांडतानाच कॅमेरा हव्या त्या जागी न्यायचा, बघायचं, आणि तिथं मार्कर ठेवायचा. कॅमेरा कुठं आहे आणि कुठं तोंड करून आहे, हे दोन्ही त्या खुणेत राहतं. असे तीन-चार मार्कर ठेवा आणि त्यांना ओळखू येतील अशी नावं द्या. मग 'मूव्ह अँड ओरिएंट टू' या आज्ञेत मार्करचं नाव दिलं, की कॅमेरा तिथं जातो. 'ड्युरेशन' म्हणजे किती सेकंदांत जायचं. काही न सांगितल्यास एक सेकंद धरतो. तीन लिहिलं तर सावकाश सरकतो, शून्य लिहिलं तर सिनेमातल्यासारखं दृश्य एकदम बदलतं.

दुसरी चूक अशी, की दोन खुणांच्या मध्ये घर असेल तर कॅमेरा वळसा घेत नाही, भिंतीतून आरपार जातो. तिथं कोपऱ्यावर मधे आणखी एक मार्कर ठेवायचा.

बाई चालेल तसा कॅमेरा सोबत न्यायचा असेल, तर 'सेट व्हेइकल' आहे. कॅमेऱ्याचं वाहन म्हणून त्या बाईचं नाव द्यायचं. मग कडेवरचं मूल आईबरोबर जातं, तसा तो जातो. आधी मात्र त्याला योग्य जागी आणून ठेवायचं. मुलींनी तो बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवला.

दुसऱ्या खेपेला चित्र एकाच मिनिटाचं केलं. सुरुवातीला वरून गाव, म्हणजे जागा कुठली ते कळावं. मग एकदम खाली, बाईच्या डोळ्यांतून. रस्ता, झाडी, वळण. वळणाशी आल्यावर पुढचं काहीच दिसेना. घरं तीच, झाडं तीच, रस्ताही तोच. मुलींनी फक्त कॅमेरा हलवला होता.

ग्रामसभेत ते लावलं. रस्ता चांगला आहे म्हणणारेही होते. वळण आलं तेव्हा कुणी बोललं नाही. त्या दिवशी दिव्याचा ठराव लिहून घेतला गेला. दिवा अजून लागलेला नाही, हेही खरं सांगते. ठरावाची नक्कल आम्ही घेऊन ठेवली आहे आणि दर महिन्याला विचारायला जातो.

तुमच्या गटात संगणक असेल, तर मुलींना बसवा. सुरुवात लहान ठेवा, एक बाई, एक रस्ता, तीन मार्कर. आणि कॅमेरा ठेवण्याआधी एक प्रश्न विचारा, की हे कुणाच्या डोळ्यांनी बघायचं? पाण्याचं असेल तर हंडा उचलणारीच्या, रस्त्याचं असेल तर त्यावरून चालणारीच्या. आपलं म्हणणं आपल्या उंचीवरून दाखवलं, तर समोरच्याला ते लवकर दिसतं.