हरलेल्या डावाची वही



बुद्धिबळाच्या प्रशिक्षकाला दीक्षान्त समारंभाला बोलावलं की तो आयुष्याला चौसष्ट घरांचा पट म्हणणार आणि प्याद्याचाही वजीर होतो असं सांगून तुमची पाठ थोपटणार, अशी सगळ्यांची खात्री असते. मी तसलं काही बोलणार नाही. बहुतेक प्यादी अर्ध्या वाटेतच मारली जातात, त्यामुळे ती उपमा पालकांसमोर न दिलेलीच बरी. मला बुद्धिबळ शिकवता येतं, म्हणून तेवढंच सांगतो: नोकरी लागल्यावर, संध्याकाळच्या उरलेल्या तासाभरात, आपला खेळ सुधारायचा कसा.

आधी वाईट बातमी. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश विश्वविजेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. जुलै २०२५ मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिचं वय एकोणीस. तुम्ही बहुतेक जण एकवीस-बावीसचे आहात. ती गाडी सुटली. पण आज खेळतो त्यापेक्षा बरं खेळायला वयाची अट नाही.

मिखाईल बोट्विनिकचं नाव तुमच्यातल्या इंजिनिअरांनी तरी लक्षात ठेवावं. हा विद्युत अभियंता होता, आणि जगज्जेता असताना त्याने त्या विषयात डॉक्टरेटही मिळवली. १९६० मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत तेवीस वर्षांच्या तालने त्याला साडेबारा विरुद्ध साडेआठ असं हरवलं. पन्नाशीला टेकलेला माणूस. आता हा संपला, असंच वाटावं. बोट्विनिक मात्र हरलेले डाव घेऊन बसला. तालला कुठल्या प्रकारचा पट मानवतो आणि कुठला मानवत नाही, हे त्याने त्या डावांतून काढलं. पुढच्या वर्षीच्या परतीच्या लढतीत धुमश्चक्री टाळून डाव बंदिस्त ठेवले, अंतपर्वाकडे नेले आणि तेरा विरुद्ध आठ गुणांनी किताब परत घेतला.

आपण हरल्यावर काय करतो? फोनवरचं बुद्धिबळाचं इंजिन लावतो. ते अर्ध्या सेकंदात चूक दाखवतं, आपण मान डोलावतो आणि पुढचा डाव सुरू करतो. गाईडमधलं उत्तर उतरवून काढलं म्हणून गणित येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गुकेशचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला पंचवीसशे रेटिंगच्या आसपास जाईपर्यंत इंजिनपासून लांब ठेवलं होतं. आपण तर अजून चौदाशेच्याही खाली.

म्हणून एक वही करा. डाव संपला की इंजिन उघडण्याआधी त्या वेळी आपण काय विचार केला होता ते लिहायचं. नमुना देतो. तुमचा राजा जी-१ वर, वजीर सी-३ वर, हत्ती ई-१ वर. शेजारची पट्टी मोकळी दिसली म्हणून तुम्ही हत्ती डी-१ ला नेला. काळ्याचा घोडा एफ-४ वरून उडी मारून ई-२ ला आला: राजाला शह आणि वजीर गेला. इंजिन म्हणेल, हत्तीची चाल चूक. ते बरोबरच आहे, पण वहीत लिहायचं वेगळं: ‘हत्ती कुठे जाणार ते पाहिलं, तो ई-१ वरून काय राखत होता ते पाहिलं नाही.’ अशी पंधरावीस पानं झाली की पुन्हा वाचा. घोडा, उंट, हत्ती बदलतील, पण तेच वाक्य पुन:पुन्हा सापडेल. ते वाक्य मोडून काढणं हा तुमचा अभ्यासक्रम. तो दुसऱ्या कोणाचा नसतो आणि बाजारात मिळत नाही.

जुने प्रशिक्षक सांगत, चाल ठरली की आधी कागदावर लिहा, मग एकदा नवशिक्याच्या नजरेने पट बघा आणि मगच मोहऱ्याला हात लावा. नामी युक्ती होती. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेने नियम बदलला आणि चाल खेळण्याआधी लिहायला बंदी घातली. आता हात मांडीखाली ठेवून तेच काम डोळ्यांनी करावं लागतं.

स्मरणशक्तीची भीतीही काढून टाका. डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने मास्टरांना खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवला, आणि त्यांनी तो जवळपास जसाच्या तसा मांडला. पुढे १९७३ मध्ये चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी मोहरी वाटेल तशी विखरून तोच प्रयोग केला, तेव्हा मास्टर आणि नवशिका यांच्यात फारसा फरक उरला नाही. म्हणजे डोकं वेगळं नव्हतं, ओळखीच्या रचना जास्त होत्या. त्या वाढतात रोज सोपी कोडी सोडवून. सोपीच. एका अवघड कोड्यावर रविवार घालवण्यात रुबाब आहे, फायदा कमी.

ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, महागडे कोर्स मात्र घेऊ नका. तो पैसा पहिल्या पगाराच्या पेढ्यांवर घालवा. त्याऐवजी अंतपर्व शिका. सिंगापूरचा शेवटचा, चौदावा डाव आठवा. लढत साडेसहा-साडेसहा अशी बरोबरीत. गुकेशचा प्रतिस्पर्धी डिंग याच्याकडे हत्ती, उंट आणि एक प्यादं. गुकेशकडे हत्ती, उंट आणि दोन. बघणारे बरोबरी धरून बसले होते, गुकेश मात्र खेळत राहिला. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणला. गुकेशने हत्तीला हत्ती मारला आणि उंट डी-५ वर आणून समोर धरला. डिंगचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात, त्याच कर्णावर; अदलाबदल टाळायला जागाच नव्हती. उरले दोन राजे आणि तीन प्यादी. अठ्ठावन्नाव्या चालीला गुकेशने राजा ई-५ वर, डिंगच्या राजाच्या बरोबर समोर आणून उभा केला, आणि डिंगने डाव सोडला. राजासमोर राजा कसा आणायचा हे नवशिक्यांच्या पुस्तकात सुरुवातीलाच असतं. त्यावर विश्वविजेतेपद ठरलं. आणि आपण सिसिलियन ओपनिंगची अठरावी चाल पाठ करतो!

तीन मिनिटांचे ऑनलाइन डाव करमणूक म्हणून खेळा, सराव म्हणून नको.

आणि एकदा तरी पटासमोर बसून खुल्या स्पर्धेत खेळा. रेटिंग असलेल्या पाच खेळाडूंशी डाव झाले आणि कामगिरी चौदाशेच्या वर राहिली, की फिडेचं रेटिंग मिळतं. पहिल्या फेरीत समोर बहुधा नऊ वर्षांची मुलगी येईल, पाय जमिनीला न टेकणारी, आणि ती तुम्हाला हरवेल. चिडून हॉलबाहेर जाऊ नका. तिला विचारा, ‘माझ्या कुठल्या चालीला तुला कळलं, की आता मी गेलो?’ मोठी माणसं अशा वेळी उगीच धीर देतात. मुलं चालीचा आकडा सांगतात. तिची आई डबा घेऊन दारात उभी असेल, तेव्हा प्रश्न लवकर विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या.