वही कोणाची?

पुस्तपालनाच्या पहिल्या धड्यापाशी अडणारा विद्यार्थी बहुधा गणितात कच्चा नसतो. प्रारंभीच्या जमाखर्चास लागते ते गणित पुष्कळसे बेरीज-वजाबाकीचेच. त्याला अडवितात ते दोन साधे मराठी शब्द : जमा आणि नावे. घरात पैसे आले म्हणजे ते जमा झाले, असे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. आणि पुस्तक सांगते की रोख रक्कम आली तर रोकड खाते नावे करावे. आलेले नावे कसे? या शंकेचा उलगडा न करताच तो नियम पाठ करतो आणि पुढे वर्षभर चाचपडत राहतो.

उलगडा बँकेच्या पासबुकात आहे. विद्यार्थ्याने ५०० रुपये भरले की ते पासबुकात जमेच्या रकान्यात दिसतात. पासबुक ही बँकेच्या खतावणीतील त्याच्या खात्याची नक्कल होय. त्या वहीत तो देणारा, म्हणून जमा. तोच व्यवहार त्याने स्वतःच्या वहीत मांडला, तर घेणारी बँक ठरते आणि बँकेचे खाते नावे पडते. जुन्या पेढ्यांच्या कीर्दीतही आलेली रक्कम डाव्या बाजूस जमा धरीत. पण ती देणाऱ्याच्या नावाने, रोकडीच्या नव्हे. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वीचा पहिला प्रश्न, वही कोणाची? त्यानंतर, घेतले कोणी आणि दिले कोणी?

लुका पाचोली या इटालियन संन्यासी गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात तेथील व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धती वर्णिली. तिच्यात वह्या तीन : टाचणवही, कीर्द आणि खतावणी. टाचणवहीत व्यवहार घडला तसा साध्या भाषेत लिहावयाचा. आजचा विद्यार्थी नेमकी हीच पायरी गाळतो आणि उदाहरण वाचता वाचताच कीर्द लिहू लागतो. त्याने आधी एक मराठी वाक्य लिहावे : ‘किराणा दुकानदाराने वापरासाठी कपाट उधार घेतले.’ मग फर्निचर खाते नावे आणि विकणाऱ्याचे खाते जमा, हे आपोआप सुचते. दुकानदार कपाटांचाच व्यापारी असेल, तर मात्र तेच कपाट खरेदी खात्यात जाईल. नुसत्या पाठांतराने हा भेद उमगत नाही.

तेरीज जुळली नाही की पुष्कळजण पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर पाहतात. खरा अभ्यास तेथेच हातचा जातो, कारण फरकाची रक्कम स्वतःच काही सांगत असते. फरक ९० आला आणि त्यास ९ ने भाग गेला, तर ५४० चे ४५० झाले नाहीत ना, हे पाहावे. फरक ६०० असेल, तर त्याच्या निम्मी, म्हणजे ३०० ची रक्कम चुकीच्या बाजूस गेली असण्याचा संभव. हा शोध अर्धा तास घेईल. पण त्या अर्ध्या तासात खतावणीचे प्रत्येक पान डोळ्यांखालून जाते, आणि वर्गात ऐकलेले तेव्हा कुठे हातात बसते.

जुळलेली तेरीजही फसवी असू शकते. किराणा दुकानदाराचे ते कपाट खरेदी खात्यात गेले, किंवा एखादा व्यवहार लिहावयाचाच राहिला, तरी दोन्ही बेरजा सारख्याच येतात. अशी चूक आकड्यांवरून सापडत नाही. तिच्यासाठी पुन्हा टाचणवहीतील साध्या वाक्याकडे यावे लागते, आणि शक्य असल्यास वही शेजारच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी.