फावल्या वेळाची गाडी



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. आम्ही सातवीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतील एका पत्र्याच्या कपाटातून मिळाले. तेव्हा आम्हांला बोलावणे आले, ते बोनस, कंत्राटी कामगार, नाहीतर संपाचा हक्क अशा एखाद्या विषयावर बोलावे म्हणून आले असणार. आम्ही विषय कळविला तो असा : जुनी टर्बो मोटारगाडी घरच्या घरी पुन्हा उभी करणे. त्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन करून विचारले, की विषय लिहिताना काही घोटाळा तर झाला नाही ना? घोटाळा झालेला नाही. तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर आम्हांला हा विषय आमच्याच प्रांतातला वाटतो, आणि तो का वाटतो हे आपण ऐकून घ्यावे.

आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा स्वीडनमध्ये गोथेनबर्ग शहरी इंजिनिअर आहे. वडील चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होते, दुसऱ्या पाळीचे कायमचे मानकरी. या मुलाने २०१६ साली १९८७ च्या बांधणीची एक साब ९०० टर्बो गाडी विकत घेतली. चालती नव्हे, मोडलेली. तळाचा पत्रा गंजलेला, कारण त्या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडी खाते. अशी गाडी फावल्या वेळात उभी करावयाची, जमल्यास मूळ गाडीपेक्षा जोरकस करावयाची, हा त्या देशांतला एक मोठा छंद आहे. इंग्रजीत अशा गाडीला 'प्रोजेक्ट कार' म्हणतात. बहुतेकदा ती पुरी होत नाही. तिच्यावर कापड टाकलेले असते, आणि त्या कापडावर घरातले जुने सामान येऊन बसते.

प्रथम यंत्राचे थोडे सांगतो. साध्या इंजिनातून बाहेर जाणारा धूर वाया जातो. त्या धुरात आठ-नऊशे अंश उष्णता असते आणि वेगही असतो. टर्बोत एका दांड्यावर दोन पंखे असतात; एक धुराच्या वाटेत आणि दुसरा आत येणाऱ्या हवेच्या वाटेत. धुराने पहिला फिरला की दुसरा फिरतो, आणि हवा दाबून इंजिनात भरतो. हवा अधिक म्हणून पेट्रोल अधिक जळते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करू लागते. तो दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत घेतो. म्हणून गाडी जोरात चालवून आणल्यावर एकदम बंद करावयाची नसते. मिनिटभर मंद चालू ठेवावी लागते, नाहीतर तापलेल्या दांड्यावरच तेल जळून त्याचा कोळसा होतो.

आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. जहाजांच्या आणि रेल्वेच्या डिझेल इंजिनांना ती मानवली. आज खंबाटकीचा घाट चढणारे ट्रकही तिच्याच जोरावर चढतात. पेट्रोलच्या मोटारीत मात्र तिने लोकांना छळले. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो गाडी निघाली. दाबलेल्या हवेने इंजिन ठोकू लागते, म्हणजे पेट्रोल वेळेआधी भडकून पिस्टनवर घण बसल्यासारखा आवाज होतो. तो टाळण्यासाठी या गाडीत पाणी व अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावे लागे. मालक टाकी भरावयास विसरत. शेवटी पुष्कळांनी टर्बो काढून साधे इंजिन करून घेतले.

साब कंपनीने १९७७ साली आपली ९९ टर्बो दाखविली, तेव्हा तिच्या इंजिनिअरांनी, त्यांत पेर गिलब्रांड हे मुख्य, निराळा विचार केला होता. टर्बो लहान ठेवला, म्हणजे रोजच्या वेगातच तो कामाला लागावा. आणि दाब वाढला की जास्तीचा धूर परस्पर बाहेर सोडणारी झडप बसविली. पुढे १९८२ च्या सुमारास त्यांनी इंजिनाच्या अंगावर एक लहानसा कान बसविला. ठोकण्याचा आवाज त्या कानाला ऐकू आला की हवेचा दाब आपोआप उतरतो. आम्हांला हे समजले तेव्हा आम्ही त्या मुलाला म्हटले, 'अरे, तक्रार ऐकून जोर कमी करणारे यंत्र १९८२ सालचे, आणि आमचे व्यवस्थापक अजून मिळावयाचे आहेत!'

हा विनोद सोडून देऊ. परंतु या गाडीचे आणि कामगार चळवळीचे खरे नाते आहे, आणि तेच आम्हांला या विषयाकडे ओढीत गेले. साबच्या या इंजिनाचा कारखाना सॉडरटेल्ये गावी होता. तेथे १९७२ साली इंजिनाची अखेरची जोडणी सरकत्या पट्ट्यावर न करता तीन-चार जणांच्या गटांकडे दिली. गटात बहुतेक बायका होत्या. एक इंजिन गटापुढे यावयाचे, आणि कोणी काय करावे हे गटानेच ठरवावयाचे. पट्ट्यावर दीड-दोन मिनिटांत तीच ती हालचाल, आणि येथे सुमारे अर्ध्या तासाचे सलग काम. १९७४ च्या सुमारास डेट्रॉइटहून सहा मोटार कामगार हे पाहावयास आणि करून बघावयास तेथे गेले. सगळे भारावून परतले असे समजू नका. काहींना तेथली गती जाचक वाटली, पट्ट्यावर निदान मनाने दुसरीकडे जाता येते असे त्यांचे म्हणणे. आम्हांला हे मत मोलाचे वाटते; कामगाराला काय आवडावे हे आपण खुर्चीत बसून ठरवू नये. तरीही उद्देवाला गावी १९८९ साली व्होल्वोने एक कारखाना उघडला, त्यात लहान गट आख्खी गाडी जोडीत. तो १९९३ साली बंद झाला. साबचा ट्रोलहेत्तान येथील कारखाना १९ डिसेंबर २०११ रोजी दिवाळे निघून बंद पडला. त्या वर्षी तेथील कामगारांचे पगार पुन्हा पुन्हा रखडले होते.

आता पाहा. गाडी बांधणारी कंपनी गेली, परंतु सुट्या भागांचा व्यवसाय दिवाळखोरीनंतर स्वीडनच्या सरकारने आपल्याकडे घेतला, म्हणून भाग मिळत राहिले. आणि कारखान्यात जे आख्खे काम माणसाच्या हातून सुटत गेले, ते तो घरी येऊन भाड्याच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या पैशाने आणि थंडीत कुडकुडत करतो. आमचा हा मुलगा दिवसभर संगणकावर गाडीच्या दाराच्या एका बिजागरीचे आराखडे पाहतो. चार वर्षे एक बिजागरी! आम्ही जुलै २०१८ मध्ये कामगार कार्यकर्त्यांच्या एका शिबिरासाठी तिकडे गेलो होतो, तेव्हा चार दिवस त्याच्याकडे राहिलो. तो संध्याकाळी गॅरेजमध्ये शिरला की त्याची चालच बदले.

या गाडीचे इंजिन उलटे बसविलेले आहे. क्लच पुढच्या बाजूला, हाताशी येतो. इंजिन न उतरविता तो बदलता येतो, हे पाहून आमच्यातला जुना हेल्पर खूष झाला. गिअरबॉक्स मात्र इंजिनाच्या खाली, आणि क्लचपासून तिच्यापर्यंत जोर साखळीने जातो. तिला हात लावावयाचा तर इंजिनासकट सारे वर उचलून बाहेर काढावे लागते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा आतून खडखड येत होती. मुलाने फोन इंजिनाजवळ धरला आणि चिंचवडला वडिलांना ऐकविले. त्यांनी ही गाडी जन्मात पाहिलेली नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, 'टॅपेट नव्हे. साखळी सैल आहे, मागच्या अंगाला.' उघडून पाहिले तर तीच गोष्ट. कारखान्याने या माणसाला निवृत्तीच्या वेळी एक घड्याळ दिले होते. त्याचा कान कोणी हिशेबात धरलेला नव्हता.

आता मुख्य प्रश्न वेळाचा. गाडीला पैसे लागतात, परंतु त्याहून अधिक तास लागतात. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून रविवारची सुटी मिळविली, ती १८९० साली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे तास ४८ ठरविले, आणि आकडा आजही ४८ च आहे. भरपगारी रजा, वीस दिवस भरले की एक दिवस. स्वीडनमध्ये चाळीस तासांचा आठवडा १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आला, आणि पाच आठवड्यांची रजा १९७७ च्या कायद्याने. गाडी वापरात नसेल तेव्हा तिची नोंद तात्पुरती थांबवता येते, मग कर नाही. अशा देशात प्रोजेक्ट कार उभी राहते यात नवल ते काय! आमच्या वसाहतीत दोन तास जाण्यायेण्यात, दहा-बारा तास ओव्हरटाइमसकट कामात, आणि रविवारी रेशन व नातलग. गुण आमच्या पोरांत कमी नाहीत. तास कमी आहेत. कामगाराला छंद कशाला, असे विचारणारे सुशिक्षित लोक आम्हांला भेटतात, त्यांना स्वतःला सतारीचा नाहीतर बागेचा छंद असतो.

परंतु कायद्याने तास मिळाले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही, कारण तास घरातही वाटून घ्यावे लागतात. २०१९ साली त्या मुलाला मुलगी झाली. तिकडे मुलाच्या संगोपनासाठी आईबापांना मिळून ४८० दिवस मिळतात, त्यांतले ९० बापाचे स्वतःचे, ते आईला देता येत नाहीत. ही आम्हांला फार शहाणपणाची तरतूद वाटते. तरी शनिवार येईच, आणि शनिवारी बाप गॅरेजमध्ये. सूनबाईंनी एकदा फोनवर आम्हांलाच पंच केले. म्हणाल्या, 'काका, तुम्ही कामगारांच्या तासांसाठी भांडता. माझे तास कोण मोजते?'

आम्ही निरुत्तर झालो नाही, कारण हे आमचेच काम. आम्ही दोघांत करार घडवून आणला. गॅरेजच्या भिंतीवर एक वही टांगली. गाडीला जितके तास, तितकेच तास सूनबाईंना, ज्यांचा हिशेब त्यांनी कोणाला द्यावयाचा नाही. त्यांनी ते तास स्वीडिश भाषेच्या वर्गात घातले आणि दोन वर्षांत नोकरी मिळविली. गाडी मागे पडली, हे उघड आहे. करारात दोन्ही बाजूंना थोडे सोडावे लागते.

मग २०२१ साली वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दोन वर्षे ओळीने त्या पाच आठवड्यांच्या रजा चिंचवडच्या इस्पितळात आणि घरच्या खाटेपाशी गेल्या. गाडीवर कापड आले, कापडावर मुलीची सायकल आली. वडिलांची वाचा गेली होती, ती पुरी परतली नाही. मुलगा त्यांच्या उशाशी बसून फोनवरची गाडीची चित्रे दाखवी. ते एका चित्रावर बोट ठेवीत, दुसऱ्यावरून हात पुढे सरकवीत. एवढ्यावर त्यांचे बोलणे चाले. आम्ही शेजारी बसून पाहत असू. त्या खोलीतून बाहेर पडताना गाडीला छंद म्हणणे आम्हांला जड जाई.

२०२३ च्या शरद ऋतूत काम पुन्हा सुरू झाले, आणि येथे तरुण रक्ताने जोर केला. कारखान्याने या इंजिनाची शक्ती १७५ अश्वशक्ती ठरविली होती. याने दाबलेली हवा थंड करण्याची पेटी मोठी बसविली, धुराची नळी रुंद केली आणि हवेचा दाब वाढविला. इंजिनाने मान्य केले. गिअरबॉक्सने केले नाही. एके संध्याकाळी तिसऱ्या गिअरचे दाते गेले. १७५ साठी घडविलेल्या पेटीला याने सव्वादोनशेच्या पुढे ओढावयास लावले होते! सर्व कारखान्यांत उत्पादन वाढविण्याची हीच रीत आम्ही पाहिली आहे; पुढच्या टोकाला जोर द्यावयाचा, आणि मधली साखळी, पेटी, माणूस यांनी आपापले पाहून घ्यावे.

कोणी तरुण येथे बसून असेच काही करण्याच्या विचारात असेल, तर त्याला एक सांगतो. आपल्या मोटारवाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कारखान्याने ठरविलेल्या मूळ बांधणीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. स्वीडनमध्ये बदल करता येतात, पण ते तपासून घ्यावे लागतात, आणि तपासणीत तेथील हौशी गाडीबांधणाऱ्यांच्या संघटनेचा अधिकृत हात असतो. काम जाणणारेच काम तपासतात, ही पद्धत आम्हांला पसंत आहे.

सध्या गिअरबॉक्स टेबलावर उघडी पडली आहे. नवे दाते आले आहेत, आणि दाब खाली आणावयाचे मुलाने कबूल केले आहे. मुलगी आता नंबर ओळखून पाने हातात देते. तेराचा मागितला की बाराचा देत नाही. या जुलैत इंजिन पुन्हा जागेवर बसवावयाचे आहे. वर उचलण्याचा घोडा शेजाऱ्याचा, आणि तो महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मोकळा होतो. वहीत सूनबाईंचे एकवीस तास बाकी निघतात, ते त्याआधी फेडावयाचे आहेत.