आधी कान, मग सिद्धान्त



चाळीसगाव म्हटलं की बहुतेकांना धुळ्याची गाडी धरायचं जंक्शन आठवतं. तुम्ही मात्र आज इथे मुक्कामाला उतरलात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. इथून जवळच पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला, असं सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख पाटणला आहे. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी. त्याच सिंघणाच्या पदरी ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव होता. श्रुती कानाला पटाव्यात म्हणून बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा कशा जुळवायच्या, हे त्याने लिहून ठेवलं आहे. कन्नडचा घाट चढून गेलं की पलीकडे देवगिरी. तेव्हा स्वर, कान आणि मोजमाप यांची सांगड या मुलखाला नवी नाही.

संगीताचे आणि मानसशास्त्राचे शिक्षक एका मांडवाखाली आले आहेत, म्हणून मला जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्पफ यांच्याविषयी बोलायचं आहे. वुंट यांची 1879 ची लाइपझिगची मानसशास्त्र प्रयोगशाळा आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. श्टुम्पफ यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

1848 मध्ये बव्हेरियात एका डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी हाती व्हायोलिन आलं, दहाव्या वर्षी ते स्वतः रचना करू लागले, पुढे आणखी पाच वाद्यं शिकले. सगळा ओढा संगीताकडे. पण वुर्झबुर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञ ब्रेंटानो यांच्यासारखा गुरू भेटला आणि ते तत्त्वज्ञानाकडे, तिथून मानसशास्त्राकडे वळले. पंचविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. मग प्राग, हाले, म्युनिक आणि 1894 पासून बर्लिन. या साऱ्या काळात वादकाचा कान त्यांनी मानसशास्त्राच्या कामाला जुंपला. ‘टोनप्सिकोलोगी’ म्हणजे ‘स्वरांचं मानसशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ दोन खंडांत, 1883 आणि 1890 मध्ये आला.

त्यांचा एक प्रयोग कोणत्याही कॉलेजात करता येईल. दोन स्वर एकदम वाजवायचे आणि विचारायचं, एक ऐकू आला की दोन? त्यासाठी मुद्दाम संगीत न शिकलेली माणसं घ्यायची. षड्ज आणि तार षड्ज एकत्र वाजले तेव्हा शंभरातून सुमारे पंचाहत्तर वेळा उत्तर आलं, ‘एकच’. षड्ज-पंचमाला सुमारे पन्नास वेळा. शेजारशेजारच्या स्वरांना जेमतेम दहा वेळा. तानपुरा लावणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. जोडाच्या दोन तारा नेमक्या मिळाल्या की त्यांच्यातली थरथर थांबते आणि तारा दोन आहेत याचा कानाला विसर पडतो. उलट ज्याची तारच लावलेली नाही, तो स्वयंभू गंधार स्वच्छ ऐकू येतो. एवढ्या एका तानपुऱ्यावर संवेदनेचे चार तास घेता येतील.

वुंट यांच्याशी त्यांचं वाजलं तेही कानावरूनच. स्वरांमधलं अंतर ठरवताना हजारो चाचण्यांची सरासरी मानायची की तयार कानाचा निवाडा? श्टुम्पफ तयार कानाच्या बाजूने ठाम उभे राहिले.

1904 मध्ये बर्लिनला हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवतो, असा बोलबाला झाला. श्टुम्पफ यांच्या समितीला लबाडी काही आढळली नाही, पण त्यांनी प्रकरण तिथे सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी फुंग्स्ट यांनी छडा लावला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की घोडा चुके; विचारणाऱ्याची नकळत हलणारी मान तो टिपत होता. दारी येऊन मान डोलावणारा नंदीबैल पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे सांगा, प्रयोगकर्त्याचा प्रभाव त्याला पुन्हा समजावावा लागणार नाही.

कोफ्का, कोहलर, कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ श्टुम्पफ यांच्याकडेच डॉक्टरेट झाले आणि पुढे आपापल्या वाटेने गेले. श्टुम्पफ यांच्यामागे बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेची धुरा कोहलर यांच्याकडे आली. शिष्य आपल्याहून वेगळं म्हणू लागले तरी त्यांना बळ देणारा शिक्षक मला फार मोठा वाटतो.

पण आपल्या खान्देशासाठी त्यांचं सर्वांत मोलाचं काम वेगळंच आहे. 1900 मध्ये सयामी कलावंतांचा ताफा बर्लिनला आला होता. श्टुम्पफ यांनी त्यांचं संगीत मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतलं आणि त्यातून ध्वनिसंग्रहालय उभं राहिलं. 1904 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित भारतीय सुरावटींवरही लेख लिहिला. पुढे 1910 च्या सुमारास आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवल अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साथीने श्रुती मोजत होते. अलीकडे हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

आपल्या खान्देशातल्या गाण्यांचं काय? आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी, वही, तांड्यांवरची लमाण गीतं ज्यांना मुखोद्गत आहेत, त्या आया-आज्या थकत चालल्या आहेत. ध्वनिमुद्रणाचं यंत्र आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने एवढंच मागणं मागतो. परत गेल्यावर प्रत्येक महाविद्यालयाने यंदा एका गावची गाणी उतरवून घ्यावीत. गाणाऱ्या बाईची परवानगी घ्यावी. तिचं नाव, गाव, तारीख नोंदवावी. मानसशास्त्राच्या आणि संगीताच्या शिक्षकांनी ती शेजारी बसून ऐकावीत.