कोर्टाची पायरी



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,' ही म्हण तुम्ही-आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. म्हण काही खोटी नाही. भांडणाची हौस म्हणून कोर्टात गेलेल्या माणसाची बैलजोडी विकली गेल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. पण या म्हणीत एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. आपण पायरी चढलो नाही, तरी कोर्टाचा कागद आपल्या दाराची पायरी चढून आला, तर काय करायचे? भाऊबंदाने दावा लावला, रस्त्यावरचा अपघात आपल्या डोळ्यांदेखत घडला, वडील वारले आणि वारसाचा प्रश्न आला, तर तिथे शहाणपण कामाला येत नाही. तिथे जावेच लागते. आणि जायचेच आहे, तर कसे जावे, तिथे काय दिसते आणि कशाला भ्यायचे नाही, याविषयी आज दोन गोष्टी बोलू.

आधी माझ्या मामाची गोष्ट सांगतो. २००१ सालची. मामाची बोडीखालची दीड एकराची बांधी होती. तिच्या धुऱ्यावरून चुलतभावाशी वाद होता आणि चुलतभावाने दिवाणी दावा लावला. रोवणीचे दिवस होते. बेलीफ समन्स घेऊन आला, तेव्हा मामा घरातच होता. त्याने मामीला सांगितले, "मी घरी नाही म्हण, आन् कागदाले हात लावू नोको." मामीने तसेच केले. बेलीफाने दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि समन्स दाराला चिकटवून तो निघून गेला. मामाने कागद ओरबाडून काढला आणि धानाच्या कणगीमागे टाकला. त्याची समजूत अशी, की जो कागद आपण घेतलाच नाही, तो आपल्याला लागू कसा होईल?

पण कायदा तसे मानत नाही. समन्स घ्यायला नकार दिला, तर ते मिळाले असेच धरले जाते. तारखा पडत गेल्या, मामा एकाही तारखेला गेला नाही, आणि कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा केला. मामाला हे कधी कळले? पुढच्या उन्हाळ्यात, कोर्टाची माणसे बांधीचा ताबा द्यायला आली तेव्हा. त्या दिवशी मामा बांधीच्या पाळीवर नुसता बसून राहिला. तो रडला नाही, भांडलाही नाही. "मी त काही बोललोच नाही, मंग मी हारलो कसा?" एवढेच त्याने मला विचारले. मंडळी, बोलला नाही म्हणूनच तो हरला होता.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण त्यासाठी साधारण तीस दिवसांची मुदत असते. मामाची मुदत कधीच उलटून गेली होती. म्हणून हुकूमनामा रद्द करण्याचा एक अर्ज आणि झालेला उशीर माफ करण्याचा दुसरा, असे दोन अर्ज करावे लागले. त्यासाठी मी मामाला घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेलो. माझीही ती पहिलीच वेळ होती.

आवारात पाय ठेवताच पहिल्यांदा जाणवते ती गर्दी. झाडाखाली डबा सोडून बसलेली माणसे, टाइपरायटरची खडखड, मुद्रांक विक्रेत्यापुढची रांग, आणि काळ्या कोटातली मंडळी लगबगीने इकडून तिकडे चाललेली. टाइपरायटरची जागा आता संगणकाने घेतली आहे, फाटकावर तपासणीही होते, पण झाडाखालची माणसे तशीच आहेत. मामाने न्यायदालनाच्या दाराशी चपला काढून ठेवल्या, देवळात काढतो तशा. शिपाई हसून म्हणाला, "बाबा, चपला घाला. इथे चालतात." एवढ्याशा वाक्याने मामाचे निम्मे भय गेले.

हे भयच आपल्याला पहिल्यांदा घालवायचे आहे. म्हणून आत कोण कोण असते ते सांगतो. समोर उंच जागेवर न्यायाधीश बसतात. त्यांच्यापुढे खाली बेंच क्लार्क, म्हणजे फायली आणि तारखा सांभाळणारे कारकून. बाजूला साक्ष टंकलिखित करणारा कर्मचारी. एका अंगाला साक्षीदाराचा पिंजरा. पिंजरा हा शब्द वाईट आहे. साक्षीदार काही पकडून आणलेला नसतो, उभे राहण्यासाठी केलेले ते लाकडी कठडे आहे, एवढेच. दाराशी शिपाई असतो, तो नावाचा पुकारा करतो. त्या दिवशी कोणकोणती प्रकरणे आहेत, त्यांची यादी भिंतीवर लावलेली असते. तिला 'बोर्ड' म्हणतात. सकाळी पोचल्याबरोबर बोर्डावर आपला नंबर पाहावा, आणि पुकारा कानावर पडेल इतक्या अंतरावरच बसावे. मामा दुसऱ्या तारखेला नेमका चहाला गेला आणि नेमका तेव्हाच पुकारा झाला. वकिलाने सांभाळून घेतले म्हणून निभावले, नाहीतर अर्ज तिथल्या तिथे निकालात निघाला असता. एका चहापायी!

आणि मग ती तारीख. सगळ्यांना छळणारी गोष्ट ही. सकाळची गाडी पकडून यावे, दिवसभर बसावे, आणि चार वाजता पुढची तारीख घेऊन परतावे. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पुढची तारीख पडायला कारणे अनेक असतात. एखाद्याला समन्स पोचलेले नसते, साक्षीदार आलेला नसतो, न्यायाधीश रजेवर असतात, किंवा आधीचेच प्रकरण लांबते. यातली सगळी कारणे आपल्या हातची नाहीत. पण निदान व्यर्थ हेलपाटा तरी आता वाचवता येतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा आणि अंकांचा एक क्रमांक असतो. त्याला सीएनआर क्रमांक म्हणतात. तो वकिलाकडून मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर तो टाकला, की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले, ते घरबसल्या दिसते. घरातल्या शिकत्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देईल.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात या हेलपाट्याला मोठा अर्थ आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे भंडारा. आता सत्र खटले आणि मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे यांसाठी गोंदियाला यावे लागते. सालेकसा-आमगावची आणि तिरोड्याची माणसे मुंबई-हावडा मार्गाच्या गाडीने येतात, सौंदड आणि अर्जुनीची बल्लारशाहच्या लाईनने येतात, पण देवरीकडच्या माणसाला रेल्वे नाही. त्याला एसटीचाच आधार. अपिलासाठी वरचे कोर्ट म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. म्हणजे पल्ला आणखी वाढला. तेव्हा निघण्याआधी तारीख तपासणे, हा पैसे वाचवण्याचा पहिला उपाय समजा.

आता साक्षीविषयी. साक्षीचे समन्स आले म्हणजे आपण गुन्हेगार झालो, असे मुळीच नाही. मात्र समन्स मिळूनही गेला नाहीत, तर वॉरंट निघू शकते. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले आहेत. पूर्वी फौजदारी समन्स घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देता येत असे. आता माणूस घरी नसला, तर घरातल्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीकडे, म्हणजे बाईकडेही ते देता येते. आणि एक सावधगिरी. फोनवर वर्दीतला माणूस दाखवून 'तुम्हाला अटक झाली आहे, पैसे भरा' असे कोणी सांगितले, तर ते समन्सही नव्हे आणि अटकही नव्हे. ती फसवणूक आहे. फोन ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा.

साक्ष देताना शपथ घ्यावी लागते. ईश्वराची शपथ घेता येते, नाहीतर सत्यप्रतिज्ञा करता येते. विचारले तेवढेच सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. यात लाज कसली? समोरचा वकील उलटतपासणीत तेच तेच विचारील. रागावू नका, ते त्याचे काम आहे. आपल्याकडच्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. पण तुमची बोली गोंडी असेल आणि मराठी नीट उमगत नसेल, तर तसे न्यायाधीशांना सांगा. दुभाष्याची सोय करता येते. फौजदारी खटल्यात साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवली पाहिजे, असा नियम आहे. लक्ष देऊन ऐका, चूक असेल तर तिथेच सांगा, आणि मगच सही किंवा अंगठा द्या.

गुरुजी, आता तुमच्यासाठी थोडे. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात, म्हणजे २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली, मुलीचे वय किती हा मोठा प्रश्न असतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे वयासाठी पहिल्यांदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालांत परीक्षेचे प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. म्हणून मुख्याध्यापकांना दाखल-खारीज रजिस्टर घेऊन कोर्टात बोलावतात. मूळ रजिस्टर न्या, सोबत प्रमाणित नक्कल न्या. तिथे विचारतील: ही नोंद कोणी केली? माहिती कोणी दिली? कशाच्या आधारे? पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी, गर्दीत, 'टाका एक जून' म्हणून लिहिलेली तारीख पंधरा वर्षांनी एखाद्या मुलीच्या न्यायाच्या आड येऊ शकते. तेव्हा, गुरुजी, जूनमधले ते एक मिनिट फार मोलाचे आहे. जन्मदाखला पाहूनच नोंद करा.

'हे सगळे खरे, पण वकिलाला पैसा कुठून आणायचा?' असे तुम्ही म्हणाल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अटही नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज कोर्टाच्या आवारातच, विधी सेवा समितीच्या कार्यालयात करायचा. फोनवर विचारायचे तर १५१०० हा क्रमांक आहे. शिवाय पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून न्यायालय शुल्क माफ आहे. नवऱ्याने टाकलेली किंवा भावांनी हिस्सा नाकारलेली एखादी बहीण तुमच्या गावात असेल. हे तिला आजच सांगा. कोणी आवारात गाठून 'साहेबांना द्यायचे आहेत' म्हणून पावतीशिवाय पैसे मागितले, तर देऊ नका. लाचेच्या तक्रारीसाठी १०६४ हा क्रमांक आहे.

प्रत्येक वादाला कोर्टच हवे असेही नाही. धुऱ्यावरून शेतात जाण्याच्या वाटेचा तंटा असेल, तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. लहानसहान भांडणे गावातच मिटावीत म्हणून २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती. तो रस्ता चांगलाच आहे. पण बाईवरचा किंवा मुलावरचा अत्याचार हा तंटा नव्हे, तो चावडीवर मिटवायचा विषय नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. आणि दावा कोर्टात गेल्यावरही तडजोडीचे दार बंद होत नाही. लोकअदालतीत दोघांच्या संमतीने निवाडा होतो, भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसते. अपील नाही, म्हणून सही करण्याआधी अट न् अट समजून घ्यावी.

मामाचे काय झाले, ते राहिलेच. कोर्टाने पाचशे रुपये खर्च भरायला लावून एकतर्फी हुकूमनामा रद्द केला. दावा पुन्हा चालू झाला आणि पुढे लोकअदालतीत मिटला. मामाला सगळी बांधी मिळाली नाही. धुरा हातभर सरकला आणि धुऱ्यावरचे मोहाचे झाड चुलतभावाकडे गेले. मामा ते झाड पुष्कळ दिवस विसरला नाही. मोहफुलांचा हंगाम आला की त्याची नजर तिकडे जायचीच. पण बांधी राहिली, आणि रोवणीच्या वेळी दोन्ही घरची माणसे एकमेकांच्या बांधीत पुन्हा उतरू लागली. पुढे गावात कोणाच्या दाराला कोर्टाचा कागद लागला, की मामा स्वतः त्याच्या घरी जायचा आणि म्हणायचा, "लपू नोको रे बाबा. घे कागद, वाचून घे, आन् तारखेले जा."

तेव्हा मंडळी, म्हण खुशाल लक्षात ठेवा. भांडणाच्या हौसेने ती पायरी चढू नका. पण बोलावणे आले, तर मागेही फिरू नका. कागद घ्या, तारीख पाहा, आणि चपला घालूनच आत जा.