दाखवू किती?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



भरीत आणि कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर इन्कम टॅक्सवर भाषण ठेवणं, हा संयोजकांनी शाळेतल्या कुठल्यातरी भांडणाचा उगवलेला सूड असावा.

मी धुळ्यात करसल्लागार आहे. मार्च आला की जळगावहून तुमच्यापैकी निम्म्यांचे फोन येतात. डॉक्टर असो, वकील असो की आर्किटेक्ट, पहिला प्रश्न ठरलेला: "कितला भरना पडतीन, भाऊ?" त्याच्या आधीचा प्रश्न मात्र कुणी नीट विचारत नाही. दाखवू किती?

समोर बसलेल्या आपल्या सरांना आणि बाईंना दरवर्षी शाळेकडून फॉर्म १६ मिळायचा. त्यांची कमाई किती, हे सांगायला शाळा होती. आपलं तसं नाही. आपली कमाई सांगणारा कागद एकच, रिटर्न, आणि तो आपण स्वतःच लिहितो.

काही वर्षांपूर्वी पारोळ्याजवळ महामार्गावर एक इंजिनिअर अपघातात गेला. वय ४३. मागे बायको, दोन मुलं, आई. कामं भरपूर, वर्षाला आठ लाख सहज सुटायचे. रिटर्न तीन लाखांचं. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी कागद माझ्याकडे आले तेव्हा मी हिशेब मांडला. अशा दाव्यात स्वतःचा व्यवसाय असलेल्या, चाळीस ते पन्नास वयाच्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवतात, चार जण अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतात आणि या वयाला १४ ने गुणतात. तीन लाखांवर येतात ३९ लाख. कर भरून हातात आठ लाख धरले असते तर एक कोटी पाच लाख. वहिनी सांगत होत्या, साहेब, घरात तर इतके पैसे यायचे. खरंच यायचे. पण न्यायाधिकरणासमोर बोलतो तो कागद. गृहकर्जाला बँकेतही तोच बोलतो.

आता गंमत बघा. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, इंटिरिअरवाले अशा ठरावीक व्यवसायांना २०१६ च्या अर्थसंकल्पापासून एक सोपी वाट आहे. वर्षाची फी ५० लाखांच्या आत, आणि रोखीचा हिस्सा ५ टक्क्यांच्या वर नसेल तर ७५ लाखांच्या आत असेल, तर निम्मी फी उत्पन्न म्हणून दाखवायची. वह्या ठेवायची सक्ती नाही. निम्मी म्हणजे कमीत कमी. जास्त सुटत असेल तर जास्त दाखवा. विमा एजंट मित्रांनो, कमिशनला ही वाट नाही, तुम्ही नंतर भेटा.

समजा फी २० लाख आणि खर्च जाऊन निम्मे सुटतात. उत्पन्न १० लाख. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत अशा उत्पन्नावर कर शून्य. मग लपवता कशासाठी? उलट गिऱ्हाइकाने फीमधून कापलेला १० टक्के टीडीएस परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच. कर लागत असेल तर उरलेला सगळा १५ मार्चच्या आत भरायचा. टीडीएस कापला म्हणजे मिटलं, हा समज मी रोज खोडतो आणि तो रोज नव्याने उगवतो. आणखी एक: नोकरदार दरवर्षी जुनी-नवी कररचना बदलू शकतो, आपण नाही. जुनीत जाऊन एकदा नवीत परतलो की पुन्हा जुनी नाही.

रावेर-यावलकडचे मित्र हसतायत, कारण पुढचं त्यांना ठाऊक आहे. "फी केळीत टाकून दे ना." शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, खरं. पण पाच हजारांच्या वर गेलं की बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवताना ते मोजलं जातंच. शिवाय सातबाऱ्यावर दोन एकर आणि रिटर्नमध्ये वीस लाखांची केळी? फी कुणी दिली, टीडीएस किती कापला, हे एआयएसमध्ये पोर्टलवर तुमच्या आधी खात्याला दिसतं.

कलमांचे आकडे मी मुद्दाम सांगितले नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आलाय, आकडे सगळे बदललेत, माझेही अजून पाठ व्हायचेत. मागच्या बाकावरच्यांना एवढंच सांगणं की चहानंतर पिशवीतून पावत्या काढू नका. आधी पोर्टलवर जाऊन एआयएस उतरवून घ्या, मग फोन करा.