राबणाऱ्यांची मरगळ



रविवारी उपासनेला जायचं, ‘उपासना संगीत’ उघडून गीतं म्हणायची, आशीर्वचन झालं की घरी यायचं. यात खंड नसतो, तरी मन कोरडं राहतं. ही मरगळ पुष्कळदा मंडळीत सर्वांत जास्त राबणाऱ्यांनाच गाठते. पाळकांना, संडेस्कूल घेणाऱ्या ताईंना. आज त्यांच्याशीच बोलायचं आहे.

पंडिता रमाबाईही अशाच राबणाऱ्यांपैकी. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवांसाठी त्या अहोरात्र खपत होत्या, टीका सोसत होत्या. तरी पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितलं, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मात्र भेटायचा राहिला होता. ही उणीव जाणवली तेव्हा बाप्तिस्म्याला आठेक वर्षं उलटली होती! एवढ्या विदुषीनं हे कबूल करायला किती धैर्य लागलं असेल.

त्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावी १८५१ साली हॅसलम उपदेशाला उभे राहिले. विषय होता, ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटतं? बोलता बोलता तो प्रश्न त्यांच्यावरच उलटला. त्यांचा चेहरा, आवाज बदलला, आणि लोकांतून एकजण ओरडला, ‘पाळकांचं परिवर्तन झालं!’ रमाबाईंनी हा अनुभव स्वतःच्या आयुष्याशी ताडून पाहिला, आणि आपण कुठं अडलो आहोत ते त्यांना उमगलं. आपल्या कामाचा भरवसा बाजूला ठेवून, जशा होत्या तशा त्या प्रभूच्या स्वाधीन झाल्या.

मला यात फार मोठा दिलासा वाटतो. या दोघांनाही नवं जीवन मिळालं ते हातातलं काम चालू असतानाच. हॅसलम तर उपदेशाच्या मध्यावर होते.

रमाबाईंचं हे नवं जीवन त्यांच्यापुरतंच राहिलं नाही. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमात १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज प्रार्थनेला कोण येईल? सुमारे सत्तरजणी पुढे आल्या. त्यांनी महिनोन् महिने प्रार्थना केली. जूनअखेरीस आश्रमात पश्चात्तापाचा लोट उसळला. मुली रडत, मोठमोठ्यानं एकत्र प्रार्थना करत. नंतर त्यांच्यातल्याच कितीतरीजणी टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या.